जाण्याआधीची शाळा

भाचीनं टांझानियात शिकवायला जायचं ठरवलं, तेव्हा कऱ्हाडच्या घरात पहिला प्रश्न आईनं विचारला. "पगार किती?"

"पगार नाही गं आजी. राहायला खोली, जेवणखाणापुरता भत्ता, जायचं-यायचं तिकीट. एक वर्षभर."

"म्हणजे शिक्षणसेवक," आई म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

आईची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. त्यातली बरीच वर्षं दोनशिक्षकी शाळेत, एका वेळी दोन-दोन इयत्ता सांभाळत. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकानं आधी तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग पक्कं व्हायचं. हाताखाली आलेल्या तरुण पोरापोरींची ओढाताण आईनं तेव्हा जवळून पाहिली होती. सेवक हा शब्द कुणी कुणाच्या गळ्यात घातला, यावर बरंच काही अवलंबून असतं, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. भाची तर चांगली बी.एस्सी. बी.एड. आणि तालुक्याच्या शाळेत गणित शिकवणारी. ती आपण होऊन सेवक व्हायला निघाली होती, तेही समुद्रापलीकडे.

दुसरा प्रश्न थोड्या वेळानं आला. "त्या पोरांची भाषा येते का तुला?"

याला उत्तर नव्हतं. पुढचे सहा महिने ते उत्तर शोधण्यात गेले. मी तिचा मामा. बॅगा उचलायला, रांगेत उभं राहायला आणि जमेल तसं वाचून काढायला तिच्यासोबत होतो. परदेशी शिकवायला जाण्याची तयारी म्हणजे व्हिसा, लशी आणि सामान, असं मी धरून चाललो होतो. तो भाग पंधरा दिवसांत उरकला. उरलेल्या साडेपाच महिन्यांत भाची पुन्हा बिगरीत बसली होती.

पगार न घेता परमुलखात शिकवायला जाण्याची प्रथा मिशनऱ्यांइतकी जुनी आहे. तिचं आजचं, संघटित रूप मात्र सत्तरएक वर्षांपलीकडचं नाही. इंग्लंडमध्ये १९५८ साली अलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्यानं 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' सुरू केली. सुरुवातीला त्यांनी पाठवलेली मुलं शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, अठरा वर्षांची होती. अमेरिकेत १ मार्च १९६१ ला केनेडींनी आदेशावर सही केली आणि पीस कोअरचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानाची राजधानी आक्रा इथं उतरली. पन्नासएक जण होते आणि सगळे शिक्षक.

घाना स्वतंत्र होऊन चारच वर्षं झाली होती. एन्क्रुमांच्या सरकारनं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं ठरवलं होतं. खालून मुलांचा लोंढा येणार हे दिसत होतं, पण माध्यमिक शाळांत विज्ञान-गणिताला माणसं नव्हती. म्हणून पाहुण्यांना बोलावणं गेलं. विमानातून उतरल्यावर या पाहुण्यांनी धावपट्टीवरच ओळीनं उभं राहून एक गाणं म्हटलं, तेही तिथल्या ट्वी भाषेत. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात त्यांचं प्रशिक्षण झालं होतं, तिथं ते बसवून घेतलं होतं. उच्चार कितपत जमले असतील देव जाणे. पण स्वागताला आलेल्यांना ते गाणं लक्षात राहिलं आणि आजही पीस कोअरची गोष्ट सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात.

त्यानंतर दीडेक महिन्यात काय झालं, ते मात्र दबक्या आवाजात सांगितलं जातं. नायजेरियात गेलेल्या तुकडीत मार्जरी मिशेलमोर नावाची हुशार मुलगी होती. स्मिथ कॉलेजची पदवीधर, प्रशिक्षण हार्वर्डला झालेलं. इबादानच्या विद्यापीठात राहत असताना तिनं मायदेशी मित्राला एक पोस्टकार्ड लिहिलं. शहरातले लोक रस्त्यावरच राहतात, स्वयंपाक करतात, सगळं कसं आदिम आहे, असा मजकूर. शिवाय आपल्याला याची कल्पनाच नव्हती, अशी प्रामाणिक कबुली. पत्र पेटीत पडण्याआधी हातातून कुठंतरी गळालं आणि नायजेरियन विद्यार्थ्यांना सापडलं. त्यांनी त्याच्या प्रती काढून वाटल्या. निदर्शनं झाली आणि अमेरिकनांना परत पाठवा अशी मागणी झाली. बिचारी राजीनामा देऊन परतली.

मला या प्रकरणात दोन्ही बाजूंची कणव येते. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीनं घरी काय लिहावं? आपल्याकडची मुलं पहिल्यांदा परदेशी गेल्यावर तिथल्या लोकांच्या आंघोळीबद्दल आणि जेवणाबद्दल घरी काय काय कळवतात, ते आपण ऐकलेलंच आहे. पण ते विद्यार्थीही चुकीचे नव्हते. वर्षभरापूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाच्या विद्यापीठात ते शिकत होते आणि आपल्याला शिकवायला आलेल्या माणसानं आपल्या गल्लीकडे कसं पाहिलं, ते त्यांनी वाचलं होतं. प्रशिक्षणात तिला नायजेरियाचा इतिहास शिकवला असेल, राज्यघटनाही शिकवली असेल. रस्त्यावरच्या चुलीशेजारी बसून खाल्लं की ती चूल आदिम वाटेनाशी होते, हे हार्वर्डच्या वर्गात शिकवायची सोय नव्हती.

माणसं तयार करण्याचे अमेरिकनांचे पहिले उपाय अमेरिकन पद्धतीचेच होते. प्वेर्तो रिकोत अरेसिबोजवळच्या जंगलात छावण्या उघडल्या. तिथं होणाऱ्या शिक्षकांना कडे चढायला लावायचे आणि हातपाय बांधून पोहण्याच्या तलावात सोडायचे, बुडायचं नाही या अटीवर. घानातल्या वर्गात बीजगणित शिकवताना याचा नेमका काय उपयोग, हे त्यांनाच ठाऊक. सोबत मानसोपचारतज्ज्ञांच्या मुलाखती आणि उमेदवारांनी एकमेकांना द्यायचे गुण. प्रशिक्षणाच्या मध्यावर आणि शेवटी मंडळ बसायचं आणि काहींना तिथूनच घरी पाठवायचं. सकाळी उठून पाहावं तर शेजारची खाट रिकामी, अशा आठवणी त्या काळच्या कित्येकांनी सांगितल्या आहेत.

शहाणपण यायला दहाएक वर्षं लागली. १९७० च्या सुमारास प्रशिक्षणाचं बिऱ्हाड हळूहळू अमेरिकेतल्या विद्यापीठांतून उठून त्या-त्या देशात गेलं. आजची रीत अशी आहे: एकूण मुदत सत्तावीस महिन्यांची. त्यातले पहिले तीन महिने एखाद्या स्थानिक कुटुंबात राहायचं, त्यांच्यासोबत जेवायचं, सकाळी भाषेचा तास आणि दुपारी सरावपाठ. सुट्टीत गावातल्या मुलांना गोळा करून खोटीखोटी शाळा भरवतात आणि शिकाऊ शिक्षक तिथं चुका करून घेतात. आपल्या बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात वर्गमित्रच विद्यार्थी बनून खिदळतात, त्यापेक्षा हे बरं. जपानची सरकारी स्वयंसेवक योजना १९६५ पासून आहे. तिथं जाणाऱ्यांना नागानोतल्या कोमागाने किंवा फुकुशिमातल्या निहोनमात्सुच्या केंद्रात सत्तरएक दिवस निवासी ठेवून भाषा घोटून घेतात. पद्धत कुठलीही असो, वेळाचा मोठा वाटा जिभेवर खर्च होतो.

आणि एकदा ही जीभ मराठीसाठी वळवली गेली होती. जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या लिलियन कार्टर या परिचारिका होत्या, नवरा वारलेला, मुलं मोठी झालेली. रात्री टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात लागली, वयाची अट नाही असं सांगणारी. बाईंनी अर्ज केला. त्यांचा जन्म १८९८ सालच्या १५ ऑगस्टचा, म्हणजे १९६६ मध्ये त्या अडुसष्ट वर्षांच्या. थोरला मुलगा जिमी तेव्हा जॉर्जियाचा गव्हर्नर होण्याच्या खटपटीत होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. बाईंची मानसिक तपासणी झाली, तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं आणि नेमणूक मिळाली विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत. त्यासाठी त्यांना मराठी शिकावी लागली. 'मी जाते, तो जातो, ते जातं' ही आपल्याला फुकटात मिळालेली चैन अडुसष्टाव्या वर्षी पाठ करायची म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला नाही. घर पुल्लिंगी का नाही, भिंत स्त्रीलिंगी का, आणि 'ळ' म्हणताना जीभ कुठं न्यायची?

बाई पेशानं नर्स होत्या आणि इथंही पावणेदोन वर्षं मुख्यतः आरोग्याचंच काम केलं. पण जिमी कार्टर आईबद्दल सांगताना एका माळ्याची गोष्ट सांगत. त्याच्या लहान मुलीला बाई लिहायला-वाचायला शिकवत. ती मुलगी पुढे खूप शिकली आणि शिक्षणक्षेत्रातच मोठ्या पदाला पोचली, हे कार्टरांना नंतर कळलं. ती शिकवणी कुठल्या भाषेत चालायची, याबद्दल मला फार कुतूहल आहे. माझा अंदाज असा, की दोघींचीही शिकवणीच चालू होती.

भाचीची भाषा स्वाहिली. तिच्या संस्थेनं आठवड्यातून तीन दिवस संगणकावर तास ठेवला होता. शिकवणारे गृहस्थ दार-ए-सलामचे आणि अत्यंत सभ्य, त्यामुळे चूक झाली तरी हसून पुढे जायचे. (अमेरिकन लेखक पीटर हेस्लर १९९६ मध्ये चीनच्या फूलिंग गावी इंग्रजी शिकवायला गेला. त्याला चिनी शिकवणाऱ्या बाई मात्र प्रत्येक चुकीला 'बूदुई', म्हणजे चूक, एवढंच म्हणत. त्याचं चिनी पक्कं झालं.) मग आईनं सूत्रं हातात घेतली. तिला स्वाहिलीचं अक्षर येत नव्हतं, पण पाठांतर कसं घ्यायचं ते येत होतं. वहीवर एका हातानं शब्द झाकून ती विचारायची आणि अडखळलं की पहिल्यापासून.

चार दिवसांत आई स्वतःच रंगात आली. कारण या भाषेत निम्मे पाहुणे ओळखीचे निघाले. शेकडो वर्षांच्या शिडाच्या जहाजांच्या व्यापारात अरबी, फारसी आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे शब्द तिकडे उतरलेले. दुकान ते 'दुका'. गाडी ती 'गारी'. रंग तो 'रांगी', कलम ती 'कलामू', औषध 'दावा', चपाती चपातीच. बातमी म्हणजे 'हबारी', आपली खबर. आणि भाचीचा विषय, गणित, त्याला 'हिसाबाती'.

"हिशेब," आई म्हणाली. "बरोबर आहे. गणित म्हणजे हिशेबच. तुमचं उगाच बीजगणित."

'तयार' या शब्दालाही तिथं 'तायारी' म्हणतात. घरात त्याची थट्टाच झाली. भाची कुठंही बाहेर पडायला निघाली की आतून हाक यायची, "तायारी?"

पण ओळखीचे शब्द फसवतात. 'किताबू' म्हणजे पुस्तक. हा शब्द अरबीतून आला. पण स्वाहिलीत 'कि' हा एका नामवर्गाचा उपसर्ग आहे आणि त्याचं अनेकवचन 'वि'नं होतं. त्यामुळे बाहेरून आलेल्या किताबालाही त्यांनी आपल्या व्याकरणात बसवलं आणि अनेक पुस्तकांना म्हणू लागले 'विताबू'. मूल 'म्तोतो', मुलं 'वातोतो'. आपण शब्दाची शेपटी बदलतो, ते डोकं बदलतात. मागाहून वाक्यातलं विशेषण आणि क्रियापदही त्या डोक्याप्रमाणे वळतात. भाचीनं ज्या दिवशी 'किताबूज' म्हणून इंग्रजी अनेकवचन लावलं, त्या दिवशी दार-ए-सलामचे मास्तरही हसले नाहीत म्हणे.

आणि वेळ! ही गोष्ट ऐकून माझा आधी विश्वास बसला नाही. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपल्या घड्याळात सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', एक वाजला. आठ म्हणजे 'सा म्बिली', दोन. विषुववृत्ताजवळ बारा महिने सूर्य साधारण एकाच वेळी उगवतो, तेव्हा हे सोयीचंच. पण शाळेचं वेळापत्रक तोंडी कळलं तर शिक्षिका सकाळी आठला पोचेल की दुपारी दोनला? भाचीनं मनगटी घड्याळाच्या काचेवर कडेनं लाल पेननं त्यांचे आकडे लिहून ठेवले. आईला मात्र यात नवल वाटलं नाही. तिच्या लहानपणी गावात दिवस कासराभर वर आला की शाळा भरायची.

इथं मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट आली. टांझानियात प्राथमिक शाळा चालते स्वाहिलीत. सातवी झाली की माध्यमिकचा पहिला वर्ग, फॉर्म वन, आणि तिथं एका सुट्टीनंतर माध्यम इंग्रजी. कालपर्यंतची हिसाबाती आज 'मॅथेमॅटिक्स'. आकडे तेच, पण प्रश्न वाचता येत नाही. शिवाय २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ झाली आणि पटसंख्या फुगली. भाचीला कळवलं होतं की वर्गात सत्तर मुलं धरून चाला.

म्हणजे संस्थेला ती हवी होती इंग्रजीतून गणित शिकवायला. मग स्वाहिली कशाला? हा प्रश्न तिनं एका बैठकीत विचारलाही. उत्तर मिळालं, की वर्गात स्वाहिली शक्यतो वापरू नका, पण मुलं आपसात काय कुजबुजतात ते तुम्हाला कळायला हवं. आईला हे ताबडतोब पटलं. तिनं सेमी-इंग्रजीचे वर्ग सुरू होताना पाहिले होते. 'पर्पेंडिक्युलर' म्हटलं की पोरं मान डोलावतात आणि 'लंब' म्हटलं की कुणीतरी उठून भिंत दाखवतं, हा तिचा अनुभव. तिनं नातीकडून पाठटाचणं लिहून घेतली. प्रत्येक टाचणाच्या समासात इंग्रजी शब्द, त्याखाली स्वाहिली. "प्रत्येक तासाला नवे शब्द पाच. सहावा नाही. आणि फळा अर्धा पुसायचा, अर्धा ठेवायचा. मागच्या बाकावरचा मागंच असतो."

सत्तर मुलांत प्रत्येकाची वही रोज तपासता येत नाही. मग रोज एकाच रांगेची तपासायची, पण कुठली रांग ते आधी सांगायचं नाही. आईच्या या युक्त्या कुठल्याही प्रशिक्षण-पुस्तिकेत नव्हत्या. मला वाटतं, आपल्या देशातून कुणी बाहेर शिकवायला जात असेल, तर त्याची खरी शिदोरी हीच. तुडुंब वर्ग, तुटका फळा, दोन इयत्ता आणि एक खडू ही आपली घरची विद्या आहे.

तरी एक प्रश्न राहतोच आणि तो भाचीनंच एका रात्री गच्चीवर काढला. "मामा, त्यांना माझी खरंच गरज आहे का?"

मी तिला नेहरूंची गोष्ट सांगितली. १९६१ मध्ये पीस कोअरचे पहिले प्रमुख सार्जंट श्रायव्हर दिल्लीत भेटायला आले, तेव्हा नेहरूंनी त्यांना सुनावलं ते साधारण असं: आमच्या खेड्यांत तुमच्या तरुणांना पुष्कळ शिकायला मिळेल. पण आपण फार मोठं काही करून जाऊ, अशा भ्रमात त्यांनी राहू नये. परवानगी मात्र दिली. वर्षअखेर सव्वीस जण पंजाबात आले. पुढे १९७६ पर्यंत चार हजारांवर येऊन गेले. कोंबडीपालन, शेती, आरोग्य, थोडं शिक्षण. मग भारतातलं काम बंद झालं. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे स्वतः पेशानं शिक्षक होते. 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी, हेच त्यांचं नाव पडलं होतं. शेक्सपिअरचा ज्युलियस सीझर त्यांनी स्वाहिलीत आणला. स्वावलंबी शिक्षणाचं धोरण त्यांनी १९६७ मध्ये मांडलं. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांच्या देशातून पीस कोअर बाहेर पडलं आणि परतलं ते थेट १९७९ मध्ये. बोलवायचं कधी आणि नको म्हणायचं कधी, हा यजमानांचा हक्क आहे. कधी तर यजमानांनाही विचारलं जात नाही. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि पीस कोअरनं जगभरातले सुमारे सात हजार स्वयंसेवक काही दिवसांत घरी नेले. कित्येकांना वर्गाचा निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही.

तिला हे ऐकून धीर आला असं नाही. पण मग गेल ऑम्वेट आणि मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बायकांबद्दल बोलणं निघालं. ऑम्वेट पहिल्यांदा भारतात आल्या त्या साठच्या दशकात, इंग्रजी शिकवण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर. पुढे ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला आणि कासेगावच्या होऊन राहिल्या. बर्नसनबाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर पेन्सिल्वेनिया विद्यापीठात प्रबंध केला आणि फलटणातच शाळा उभी केली. त्यांनी आणि जाई निंबकरांनी मिळून लिहिलेलं मराठीचं व्याकरण परदेशी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. कासेगाव कऱ्हाडपासून हाकेच्या अंतरावर. भाचीला ऑम्वेटबाईंचं नाव ठाऊक होतं, पण त्या शिकवायला म्हणून आल्या होत्या हे नव्हतं. "म्हणजे आधी शिकवायला आल्या आणि मग शिकत बसल्या," एवढंच म्हणाली आणि खाली झोपायला गेली.

कागदपत्रांचं थोडक्यात. पोलिसांचा दाखला, पदवीच्या कागदांचं साक्षांकन, स्वयंसेवकांसाठीचा 'सी' वर्गाचा निवासी परवाना. विमान आदिस अबाबाला बदलायचं होतं म्हणून पीतज्वराची लस. ती मुंबईत जाऊन घेतली. टोचल्यापासून दहा दिवसांनी तो पिवळा दाखला लागू होतो, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. एका कचेरीत तिचं नाव चुकीचं छापलं आणि दुरुस्तीला तीन फेऱ्या झाल्या. त्यांची बाजू अशी, की अर्जातच अक्षर नीट नव्हतं. गणिताच्या बाईंचं अक्षर!

सामान दोन बॅगांत, प्रत्येकी तेवीस किलो. आईनं गोडा मसाला, मेतकूट आणि दोन किलो पोहे घातले. भाचीनं पोहे काढून भूमितीची मोठी लाकडी पेटी घातली, फळ्यावरची, कंपास आणि कोनमापकासकट. आईनं पाहिलं आणि मेतकुटाची बरणीही स्वतःच बाहेर काढली. वजन काटेकोर बावीस किलो आठशे.

निघताना भाची पाया पडली, तेव्हा तिनं आजीला शेवटचा शब्द शिकवला. टांझानियात लहानांनी मोठ्यांना भेटल्यावर म्हणायचं, 'शिकामो'. मूळ अर्थ, तुमचे पाय धरतो. मोठ्यांनी उत्तर द्यायचं, 'मराहबा'.

"शिका, मग मो," आई म्हणाली. "लक्षात राहील."

दीड महिन्यानं व्हिडिओ कॉल आला. मागं मातीचं अंगण, अंगणाच्या कडेला केळी आणि पडद्यात मावत नव्हती इतकी पोरं. भाचीनं सांगितलं होतं बहुधा, कारण सगळी एकदम ओरडली, "शिकामो, बिबी!"

आईनं फोन लांब धरला. "बीबी कोणाला म्हणतायत?"

"आजीला बिबी म्हणतात इथं."

आईनं पदर सारखा केला, उजवा हात पडद्यासमोर उचलला आणि म्हणाली, "मोठ्ठे व्हा रे."

"आजी, मराहबा म्हणायचं."

"तेच म्हटलं मी."